गाठींचा हिशेब आणि उंची गिऱ्हाईक

२०२५ च्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेने भारतीय मालावरील आयातकर दोन टप्प्यांत पन्नास टक्क्यांवर नेला. त्याचे चटके ज्या गावांना तत्काळ बसले, त्यांत पूर्व उत्तर प्रदेशातील भदोही आणि मिर्झापूर ही गालिच्यांची गावे होती. भारतात हाताने विणल्या जाणाऱ्या गालिच्यांपैकी बहुतेक माल परदेशी जातो आणि त्यातील निम्म्याहून अधिक एकट्या अमेरिकेत खपतो. एका देशाच्या एका निर्णयाने शेकडो खेड्यांतील मागांचे भवितव्य टांगणीला लागावे, ही अवस्था कोणत्याही धंद्याला भूषणावह नाही. कराचा आकडा पुढच्या वाटाघाटींत खाली-वर कितीही होवो; त्याने ऐरणीवर आणलेला प्रश्न मात्र जुना आहे आणि तो कराबरोबर नाहीसा होणारा नाही.

या पेचातून सुटण्याचा म्हणून जो मार्ग नेहमी सांगितला जातो, तो असा : स्वस्त मालाचा नाद सोडा आणि उंची गिऱ्हाईक शोधा. युक्तिवाद सरळ आहे. शे-दीडशे डॉलरचा गालिचा घेणारा माणूस किंमत थोडी वाढली की तुर्कस्तानचा किंवा बेल्जियमचा यंत्रावरचा माल उचलतो. दहा हजार डॉलर मोजणाऱ्याचे तसे नसते. त्याला तोच गालिचा हवा असतो, आणि करापायी पडलेला भुर्दंड तो कुरकुरत का होईना सोसतो. यात चूक काही नाही. तथापि उंची गिऱ्हाईक हे जत्रेत हरवलेल्या पोरासारखे शोधून सापडते, अशी जी समजूत या सल्ल्यामागे दिसते, ती मात्र तपासून पाहण्याजोगी आहे. हॅनोव्हरच्या किंवा दिल्लीच्या प्रदर्शनात मोठे दालन घेतले, गुळगुळीत कागदावर माहितीपुस्तिका छापली आणि दिवे मंद केले म्हणजे श्रीमंत माणूस आत येतो असे नाही. आला तरी तो टिकत नाही. तो कशाचे पैसे मोजतो, हे ज्याला कळले त्याच्याकडेच तो पुन्हा येतो.

बादशहा आणि बंदिवान

या देशात गालिच्याचे पहिले मोठे गिऱ्हाईक बादशहा होते. अबुल फज्लच्या ‘ऐन-ए-अकबरी’त आग्रा, फतेपूर आणि लाहोर येथील गालिच्यांच्या कारखान्यांचा उल्लेख येतो. तेथे विणणाऱ्याला वेळेचा हिशेब द्यावा लागत नसे. एका गालिच्याला वर्ष लागो वा चार वर्षे लागोत, ते पूर्ण होईपर्यंत त्याचे पोट दरबार भरीत असे. उंची कला आणि सवड यांचे नाते असे जुने आहे. सवड विणकराच्या पदरची नसते. ती गिऱ्हाइकाने विकत घ्यावी लागते.

१८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनात हिंदुस्थानी गालिच्यांचे कौतुक झाले आणि कौतुकापाठोपाठ मागणी आली. मागणीबरोबर घाईही आली. स्वस्तात आणि लवकर माल कोण देईल, याचे उत्तर इंग्रज अमदानीने तुरुंगांत शोधले. आग्रा, लाहोर, येरवडा येथील तुरुंगांत कैद्यांकडून गालिचे विणून घेतले जाऊ लागले. ज्याला मजुरी द्यायची नाही असा कामगार एका बाजूला आणि घरी माग चालवणारा कारागीर दुसऱ्या बाजूला, ही स्पर्धा कशी संपणार हे सांगायला अर्थशास्त्रज्ञाची गरज नव्हती. १८३२ साली बेळगावात जन्मलेले आणि मुंबईत वैद्यकापासून वस्तुसंग्रहालयापर्यंत नाना कामांत वावरलेले जॉर्ज बर्डवुड यांनी हिंदुस्थानच्या औद्योगिक कलांवरील आपल्या १८८० सालच्या ग्रंथात तुरुंगातील गालिच्यांवर आणि नव्या रासायनिक रंगांवर कठोर टीका केली. त्यांची भाषा आज काहीशी भावविवश वाटेल. पण विणकराचे पोट मारून मिळवलेली स्वस्ताई अखेर मालाचाच घात करते, हे त्यांचे निरीक्षण खोटे ठरलेले नाही.

अर्थात तुरुंगातला सर्वच माल हिणकस होता असे नव्हे, आणि येथेच एक विचार करण्याजोगी गोष्ट आहे. विजापूरच्या आसार महालातील जुन्या गालिच्यांच्या उत्तम प्रतिकृती येरवड्याच्या तुरुंगात विणल्या गेल्या. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आग्ऱ्याच्या तुरुंगात विणलेला सुमारे ऐंशी फूट लांब आणि चाळीस फूट रुंद असा एकसंध गालिचा विंडसरच्या राजवाड्यातील वॉटर्लू दालनात अंथरलेला आहे. १९९२ साली त्या राजवाड्याला आग लागली, तेव्हा सैनिकांना लावून तो गुंडाळून बाहेर काढावा लागला. तेच कैदी, तोच तुरुंग. पण गिऱ्हाईक राणी असले की काम निराळे होत होते. तेव्हा दोष हाताचा नसतो. हाताला काय मागितले जाते आणि किती वेळात मागितले जाते, यावर सारे अवलंबून असते.

एकाच गिऱ्हाइकावर विसंबण्याचा धोकाही या देशाने पूर्वी पाहिलेला आहे. काश्मीरची शाल एके काळी फ्रान्सच्या लहरीवर जगत होती. १८७० सालच्या फ्रान्स-प्रशिया युद्धाने आणि पालटलेल्या पोशाखाने ती मागणी बसली, तेव्हा शालींचा धंदा उभाचा कोसळला. शाल विणणारे हात पुढे काही प्रमाणात गालिच्याकडे वळले. अमृतसरच्या गालिच्यांच्या भरभराटीत या स्थलांतरित काश्मिरी विणकरांचा वाटा होता. म्हणजे आज ज्या धंद्याला अमेरिकेच्या कराचा फटका बसतो आहे, त्याची एक शाखा मुळात अशाच एका फटक्यातून फुटलेली आहे. हा योगायोग व्यापाऱ्यांच्या परिषदांत कोणी सांगत नाही.

साडेपंधरा लाख गाठी

उंची गिऱ्हाईक कशाचे पैसे मोजते हे समजण्यासाठी गाठीचा हिशेब एकदा मांडून पाहावा. नऊ फूट रुंद आणि बारा फूट लांब हा गालिच्याचा एक सर्वसामान्य आकार. त्यात दर चौरस इंचाला शंभर गाठी असतील, तर एकूण गाठी होतात साडेपंधरा लाखांहून थोड्या अधिक. सराईत विणकर दिवसाला सहा हजार गाठी मारतो असे धरले, तर एका माणसाला दोनशे एकोणसाठ दिवस लागतील. तिघे शेजारी-शेजारी बसले तर शहाऐंशी. रोजची मजुरी चारशे रुपये धरली तर एका गाठीची मजुरी पडते सुमारे साडेसहा पैसे. प्रत्येक गाठीत ताण्याच्या दोन धाग्यांभोवती लोकर फिरवणे, खाली ओढणे, सुरीने कापणे हे सारे आले. ओळ पुरी झाली की बाण्याचा धागा घालून पंजाने ठोकायचे, मग पुढची ओळ. काश्मिरात ही नक्षी ‘तालीम’ नावाच्या सांकेतिक लिपीत लिहिलेली असते. कोणत्या रंगाच्या किती गाठी, एवढेच तिच्यात असते आणि विणकर ती एखाद्या पोथीसारखी वाचत जातो. भदोहीकडे चौकटीच्या कागदावरचा नकाशा मागावर टांगलेला असतो.

माग सोडल्यावर गालिचा तयार झाला असेही नाही. धुणे, ताणणे, पृष्ठभाग एकसारखा कातरणे, फुलांच्या कडेने लोकर कोरून त्यांना उठाव देणे (याला ‘गुलतराशी’ असा सुंदर शब्द आहे), कडा बांधणे, अशा अनेक हातांतून तो जातो. यातले एकही काम पावसाळ्यात धड होत नाही. रंगवलेले सूत वाळत नाही, धुतलेला गालिचा वाळत नाही, आणि विणकर तर शेतावर गेलेला असतो. ज्याला परदेशी गिऱ्हाइकाला तारीख द्यायची आहे त्याने हे आधी सांगितले पाहिजे. पण मागणी हातची जाईल या भीतीने बहुधा ते सांगितले जात नाही.

नव्या संसद भवनाचे उदाहरण येथे सर्वांच्या परिचयाचे आहे. २०२३ साली लोकसभेच्या सभागृहात मोराचे आणि राज्यसभेत कमळाचे आकृतिबंध असलेले गालिचे अंथरले गेले. ते मिर्झापूरच्या ओबीटी या कंपनीने विणून घेतले. तीन इंग्रजांनी १९२० साली स्थापन केलेली ही कंपनी पुढे भारतीय हाती आली. त्या वेळी प्रसिद्ध झालेले आकडे असे : दोन्ही सभागृहे मिळून सुमारे पस्तीस हजार चौरस फूट, दर चौरस इंचाला एकशेवीस गाठी, एकूण साठ कोटींहून अधिक गाठी, नऊशे कारागीर आणि दहा लाख मनुष्य-तास. प्रत्येक सभागृहासाठी एकशे अठ्ठावन्न तुकडे विणून ते अर्धवर्तुळात बेमालूम जोडण्यात आले. एवढे मोठे काम वेळेत पुरे करण्याची कुवत या मुलखात आहे, हे त्याने सिद्ध केले. परंतु हे गिऱ्हाईकही राणीच्याच जातीचे, म्हणजे राज्यसंस्था होते. प्रश्न खाजगी घरांतल्या गिऱ्हाइकाचा आहे.

नाव एक, माल दुसरा

हे खाजगी गिऱ्हाईक दुरावण्याचे एक मोठे कारण धंद्याने स्वतःच निर्माण केले आहे आणि ते नावांच्या घोळाचे आहे. गाठी मारून विणलेला गालिचा आणि ‘टफ्टेड’ गालिचा या दोन सर्वस्वी निराळ्या वस्तू होत. दुसऱ्या प्रकारात चौकटीवर ताणलेल्या कापडात हाती धरलेल्या यंत्राने लोकर ठासली जाते आणि ती सुटू नये म्हणून मागे लॅटेक्सचा लेप देऊन त्यावर आणखी एक कापड चिकटवतात. काही महिन्यांचे काम काही दिवसांत होते. हा प्रकार वाईट आहे असे नाही. भदोहीतल्या कित्येक घरांची चूल त्यावर पेटते. पण लॅटेक्स काही वर्षांनी सुकते, त्याचा भुगा पडू लागतो आणि गालिचा संपतो. गाठीचा गालिचा धुता येतो, उसवला तर पुन्हा विणता येतो आणि नातवापर्यंत टिकतो. दोन्हींवर ‘हातमालाचा’ एकच शिक्का मारून ते एकाच दालनात शेजारी-शेजारी ठेवले, तर ज्याची फसगत झाली तो माणूस पुन्हा त्या दारात कशाला येईल?

रेशमाचेही तेच. ‘आर्ट सिल्क’, ‘बांबू सिल्क’ अशा गोंडस नावांखाली विकला जाणारा धागा बहुतांशी व्हिस्कोजचा असतो. तो चमकतो खरा. परंतु त्यावर पाणी सांडले की डाग राहतो आणि ओला झाला की त्याची ताकद जाते. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण जणू त्यासाठीच झाली असावी. परीक्षा मुळीच अवघड नाही. गालिचा उलटा करावा. मागे नक्षी जशीच्या तशी, एकेक गाठ मोजता येईल अशी दिसली तर तो विणलेला. कापड चिकटवलेले दिसले तर ठासलेला. टोकाच्या झालरीकडेही पाहावे. विणलेल्या गालिच्यात ती ताण्याचेच उरलेले धागे असते, वरून शिवलेली नसते. हे ज्ञान दुकानदाराने गिऱ्हाइकाला आपण होऊन द्यावे. स्वस्त मालाचा विक्रेता ते लपवतो. उंची मालाच्या विक्रेत्याचे ते मुख्य भांडवल असते.

कारण श्रीमंत गिऱ्हाईक वस्तूइतकेच तिच्या खरेपणाच्या नोंदीचे पैसे मोजते. २०१३ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या सदबीज लिलावात सतराव्या शतकातील एक इराणी गालिचा तीन कोटी सदतीस लाख डॉलरला गेला. विक्रीपूर्वीचा अंदाज पन्नास ते सत्तर लाखांचा होता. तो गालिचा अमेरिकेतील तांब्याच्या खाणींचे मालक विल्यम क्लार्क यांच्या संग्रहातून वॉशिंग्टनच्या कॉर्कोरन कलादालनाकडे गेलेला, म्हणजे कोणाकडून कोणाकडे आला याची लेखी साखळी असलेला होता. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी बसऱ्याच्या मोत्यांनी मढवून घेतलेला प्रसिद्ध गालिचा २००९ साली दोहा येथे सुमारे पंचावन्न लाख डॉलरला विकला गेला. तो विणलेला नव्हे, भरतकामाचा आहे, हे येथे नमूद करायला हवे. मोत्यांची किंमत असतेच. पण त्यामागे महाराजांचे नाव, मदिनेला अर्पण करण्याच्या संकल्पाची कथा आणि १९०३ च्या दिल्ली प्रदर्शनाची नोंद होती. भदोहीच्या विणकराकडे महाराजांचे नाव नाही हे खरे. त्याच्याकडे त्याचे स्वतःचे नाव आहे आणि ते आजवर कोणी गालिच्यावर लिहिलेले नव्हते.

दरम्यानचा माणूस

उंची गिऱ्हाईक हे प्रत्यक्षात बहुधा एकटे नसतेच. न्यूयॉर्क, लंडन किंवा मुंबईतल्या मोठ्या घराचा मालक स्वतः गालिचा निवडीत नाही. त्याचा गृहसजावटकार निवडतो. तेव्हा गाठ पडायची असते ती या सजावटकाराशी. त्याच्या गरजा अगदी व्यावहारिक असतात. भिंतीच्या रंगाशी जुळणारी छटा हवी, खोलीच्या मापाचा गालिचा हवा, सांगितलेल्या आठवड्यात तो यायला हवा आणि घरी नेऊन अंथरून पाहण्याची, न जमल्यास परत करण्याची मुभा हवी. रंग ठरविण्यासाठी लोकरीच्या क्रमांक घातलेल्या छोट्या गोंड्यांची पेटी जगभर वापरली जाते. आधी हातभर नमुना विणून पाठवायचा, तो पसंत पडला की मग माग मांडायचा, अशी रीत आहे. यात विनोद असा की, हाताने रंगवलेल्या लोकरीत एका घाण्यापासून दुसऱ्या घाण्यापर्यंत छटा थोडी बदलतेच. जाणकार तिला ‘अबरश’ म्हणतात आणि तिच्यावर जीव टाकतात; अजाण माणूस तिला दोष समजून गालिचा परत करतो. हा फरक केवळ आगाऊ दिलेल्या दोन ओळींच्या माहितीचा आहे.

आणखी एक गोष्ट हे दरम्यानचे माणूस विचारते : हा गालिचा कोणी विणला? या प्रश्नामागे कलाप्रेम असते तसेच भयही असते. १९८६ च्या कायद्याने गालिचा विणण्याच्या कामावर चौदा वर्षांखालील मुलांना लावण्यास बंदी झाली. पण कुटुंबाच्या मागाला त्यातून सूट राहिली आणि त्या सुटीच्या आडोशाने जे चालले ते सर्वांना ठाऊक होते. कैलाश सत्यार्थी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना मागांवरून सोडवून आणले, तेव्हा धंद्यातून त्यांच्यावर देशाची बदनामी केल्याचा आरोप झाला. वास्तविक बदनामी झाली ती काय उघडकीला आले त्यामुळे. नेपाळची कहाणी तर डोळ्यांसमोर आहे. १९५९ नंतर आलेल्या तिबेटी निर्वासितांनी स्विस मदतीने उभारलेला तेथला गालिच्यांचा धंदा नव्वदीच्या आरंभी ऐन भरात होता. १९९४ साली जर्मन दूरचित्रवाणीने तेथील बालमजुरी दाखवली आणि मुख्य बाजारपेठच हादरली. त्याच सुमारास भारतात ‘रगमार्क’ ही क्रमांक घातलेली चिठ्ठी सुरू झाली. माग तपासायचे, मूल आढळले तर त्याला शाळेत घालायचे आणि निर्दोष मागावरच्या मालालाच चिठ्ठी द्यायची, अशी ही योजना होती. २००९ पासून ती ‘गुडवीव्ह’ नावाने चालते. आरंभी तिला नाके मुरडणारे कित्येक निर्यातदार पुढे तीच चिठ्ठी पुढे करून उंची दुकानांत शिरले. नीती आणि नफा यांची अशी गाठ क्वचितच पडते. पडली तेव्हा ती धंद्याने नव्हे, त्याच्या टीकाकारांनी मारून दिली, हे विसरता येणार नाही.

विणकराचा हिस्सा

एवढे सारे साधले, श्रीमंत गिऱ्हाईक आले, त्याने भरपूर दाम मोजला; तरी त्यातले मागापर्यंत काय पोचते, हा खरा प्रश्न शिल्लक राहतो. विणकर, मागाचा मालक, ठेकेदार, निर्यातदार, परदेशी आयातदार, दुकानदार, सजावटकार, अशी ही उतरंड आहे. वरच्या टोकाला किंमत दुप्पट झाली तर खालच्या टोकाची साडेसहा पैशांची गाठ सात पैशांची होईलच, याची हमी कोणत्याही प्रदर्शनाच्या दालनात मिळत नाही. वीस-पंचवीस वर्षे पाठ वाकवून मारलेल्या गाठींच्या बदल्यात जो बांधकामावरच्या साध्या मजुराइतकेही कमवीत नाही, तो आपल्या मुलाला मागावर का बसवील? भदोही, जौनपूर, मिर्झापूरकडचा तरुण मुंबईत येतो, टॅक्सी चालवतो, भिवंडीत यंत्रमाग धरतो, सुरतेला जातो. त्याला परंपरेचे महत्त्व पटवून देणारी भाषणे पुष्कळ झाली. परंपरा त्याला ठाऊकच आहे. त्याच्या आजोबांची दृष्टी तिनेच अधू केलेली असते.

येथे जयपूरच्या एका उपक्रमाचा विचार करणे उपयुक्त ठरेल. नंदकिशोर चौधरी यांनी १९७८ साली दोन माग आणि नऊ विणकरांवर सुरू केलेल्या कामातून पुढे ‘जयपूर रग्ज’ ही कंपनी उभी राहिली. ठेकेदाराला फाटा देऊन माग थेट विणकराच्या घरात द्यायचा, कच्चा माल घरपोच करायचा आणि गालिचा घरूनच न्यायचा, ही त्यांची पद्धत. राजस्थानातील खेड्यांत हे काम मुख्यतः स्त्रियांच्या हाती आले. व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक सी. के. प्रल्हाद यांनी आपल्या प्रसिद्ध ग्रंथाच्या नव्या आवृत्तीत या पद्धतीची दखल घेतली. पण अधिक लक्षणीय गोष्ट पुढची आहे. ‘मनचाहा’ या नावाने कंपनीने उरलेल्या सुतावर विणकरांना स्वतःच्या मनाची नक्षी विणण्याची मोकळीक दिली. नकाशा नाही, मापलेला रंग नाही. घराचे दार, शेतातली पाभर, लग्नातला मांडव, जे मनात आले ते. या गालिच्यांना आंतरराष्ट्रीय रचना-पारितोषिके मिळाली आणि ते उंची दुकानांत गेले. ज्या हातांना तीनशे वर्षे दुसऱ्याचा नकाशा उतरवायला लावले, त्यांच्या मनात नक्षी होती, हे कळायला इतका काळ लागला.

यातून सर्व प्रश्न सुटतात असे मानणे भाबडेपणाचे होईल. घरातला माग स्त्रीला उंबऱ्याबाहेर न पडता मिळकत देतो, तसा तो तिच्या घरकामात आणखी आठ तासांची भरही घालतो. कंपनी चांगली असली तरी भाव ठरविणारी तीच. विणकरांच्या सहकारी संस्था हा पर्याय आपल्याकडे कागदावर भक्कम आणि व्यवहारात बहुधा दुबळा राहिला. साखरेत आणि दुधात महाराष्ट्राने व गुजरातने जे करून दाखवले ते गालिच्यात कोणी मनावर घेतले नाही. याचे एक कारण उघड आहे. उसाला किंवा दुधाला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. गालिच्याला लागते आणि ज्याच्याकडे गिऱ्हाइकाचा पत्ता, त्याच्याकडे धंद्याची किल्ली. मिर्झापूर-भदोहीत गेल्या शतकाच्या आरंभापासून युरोपीय पेढ्यांनी ही किल्ली आपल्या खिशात ठेवली, नंतर ती देशी निर्यातदारांच्या खिशात आली. खिसा बदलला, एवढेच.

पिकते तिथे

आता घरच्या बाजारपेठेविषयी. १९८२ साली स्थापन झालेल्या गालिचा निर्यात प्रोत्साहन मंडळाच्या नावातच या धंद्याचे तोंड कोणीकडे आहे ते दिसते. पिकते तिथे विकत नाही, हे गालिच्याइतके क्वचितच कशाला लागू पडेल. आपल्या मध्यमवर्गीय घरात गालिचा आला तो बहुधा यंत्राचा. त्याआधी सतरंजी होती आणि ती कपाटावर गुंडाळलेली, मंगळागौरीला किंवा सत्यनारायणाला खाली उतरणारी. अंथरूण पाहून पाय पसरणाऱ्या समाजाने पायाखाली लाख रुपयांची लोकर अंथरावी, ही अपेक्षा गैर आहे. पण मुंबई-पुण्यात, दिल्लीत, बंगळुरात जो वर्ग कोटी-कोटींची घरे घेतो आणि त्यांत इटलीचा संगमरवर बसवतो, त्याला मिर्झापूरचे नाव ठाऊक नसते याला गरिबी कारण नाही. परदेशाच्या लहरीवर जगणाऱ्या मागाला हा देशी वर्ग मोठा आधार होऊ शकतो. काही मोठ्या कंपन्यांनी दिल्ली-मुंबईत दालने उघडली आहेत, ती याच जाणिवेतून.

आणि उंची म्हणजे केवळ लोकरीचे आणि रेशमाचेच असे नाही. धारवाड जिल्ह्यातील नवलगुंदचे ‘जमखाने’ सुती असतात. ते विणणारी घराणी मुळात विजापूरकडून आलेली असल्याचे सांगितले जाते आणि विणकाम स्त्रियांच्या हाती आहे. जोधपूरजवळच्या सालावासची पंजा-दरी, तेलंगणातील वारंगळची दरी, या साऱ्यांना भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण आहे किंवा नाव तरी आहे. नवलगुंदमध्ये विणकऱ्यांची संख्या इतकी रोडावली आहे की संरक्षण कोणाचे करायचे, हाच प्रश्न पडावा. भदोहीला हा निर्देशांक २०१० साली मिळाला. प्रमाणपत्र भिंतीवर लागले. दुकानातल्या गिऱ्हाइकाला ते दिसण्याची सोय मात्र झाली नाही.

त्या बाबतीत काश्मीरने २०२२ साली एक पाऊल पुढे टाकले. तेथील हाताने विणलेल्या गालिच्याला सांकेतिक चौकट छापलेली चिठ्ठी लावण्याची व्यवस्था झाली. मोबाईलसमोर धरताच विणकराचे नाव, त्याचा जिल्हा, वापरलेला धागा ही माहिती उमटते. अशा चिठ्ठीचा पहिला माल त्याच वर्षी जर्मनीला रवाना झाला. नकली मालाला आळा बसावा हा तिचा हेतू. पण तिचा आणखी एक उपयोग आहे. श्रीनगरच्या खोलीत बसून तालीम वाचणाऱ्या माणसाचे नाव प्रथमच बर्लिनच्या दिवाणखान्यापर्यंत पोचते, आणि ज्याच्या दिवाणखान्यात ते पोचते तो माणूस उद्या दुसरा गालिचा हवा असेल तेव्हा दुकानाऐवजी त्या नावाची चौकशी करू शकतो. भदोहीच्या मालावर अशी चिठ्ठी लावायला कोणताही कर आडवा येत नाही. मागांची मोजदाद आधीच झालेली आहे, गाठी मोजता येतात आणि एका गालिच्याला किती दिवस लागले हे ठेकेदाराच्या वहीत तारखेनिशी लिहिलेले असते. त्या वहीतला मजुरीचा रकाना चिठ्ठीवर उतरवायचा की नाही, एवढेच ठरवायचे राहिले आहे, आणि तो उतरवायला सर्वांत अधिक का-कू कोण करील, हे भदोहीत कोणालाही विचारावे.